ऑपरेटरसाठी ओपन सर्व्हिस आर्किटेक्चर : मूल्यमापन नक्की कशाचं करायचं?

किनाऱ्यावरचा

विषय रूक्ष आहे, आधीच सांगतो. पण इथे टेलिकॉममध्ये हाडं झिजवलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून धागा काढायचं धाडस करतोय.

मी पूर्व आफ्रिकेतल्या एका मध्यम आकाराच्या मोबाइल ऑपरेटरकडे कामाला आहे. ४जी बऱ्यापैकी पसरलंय, ५जी राजधानीपुरतं, खेड्यापाड्यांत अजून २जीवरच भिस्त. आता वरून फर्मान आलंय की नेटवर्कच्या पोटात जे काही आहे ते बँका, ॲपवाले, डिलिव्हरीवाले यांना एपीआयमधून (बाहेरच्या सॉफ्टवेअरने आपल्या सिस्टीमला विचारणा करायची ठरलेली वाट) विकायचं. नंबर खरंच त्याच फोनमध्ये आहे का, सिम नुकतंच बदललंय का, फोन अमुक परिसरात आहे का, बॅलन्समधून पैसे कापणं, हवी तेव्हा जादा क्वालिटी, वगैरे. आरएफपी (पुरवठादारांकडून प्रस्ताव मागवणारं कागदपत्र) निघाली, उत्तरं आली आणि मूल्यमापनाचं कोष्टक माझ्या गळ्यात पडलं.

घोळ असा आहे की कोष्टकातले बहुतेक गुण 'स्टँडर्डशी सुसंगत आहे का' या सदरात आहेत. कामारा या खुल्या प्रकल्पाचे एपीआय, बिलिंग-ऑर्डरसाठी मानकं ठरवणाऱ्या टीएम फोरमचे एपीआय, मोबाइल मानकं बनवणाऱ्या थ्रीजीपीपीचं एनईएफ आणि कॅपिफ (नेटवर्क बाहेरच्यांना उघडं करण्याच्या दोन व्यवस्था), प्रत्येकापुढे प्रत्येक पुरवठादाराने 'पूर्ण सुसंगत' लिहून ठेवलंय. सगळेच मेरिटमध्ये! मग उरते फक्त किंमत, आणि खरेदी खात्याला तेच हवंय.

त्यात आमचे सीटीओ म्हणजे जुनं खोड. त्यांचं म्हणणं, "हे सगळं पार्लेच्या वेळी करून झालंय. तेव्हा कुत्रं फिरकलं नाही, आता काय वेगळं होणार?" त्यांना उत्तर द्यायचंय आणि कोष्टकही सुधारायचंय. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

अर्धा_कप

आरएफपीत 'आम्हाला हे जमत नाही' असं लिहिणारा पुरवठादार अजून जन्माला यायचाय.

(पार्ले वाचून बिस्किटांचा धागा समजून आलो होतो. आता आलोच आहे तर बसतो.)

तार_मास्तर

तुमच्या सीटीओंशी मी निम्मा सहमत आहे. करून झालंय हे खरं. कुत्रं का फिरकलं नाही याचं कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि तुमचं कोष्टक तिथूनच सुरू व्हायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पार्ले ग्रुप १९९८ मध्ये निघाला. बीटी, मायक्रोसॉफ्ट, नॉर्टेल, सीमेन्स अशी वजनदार नावं त्यात होती. नवी सेवा हवी की स्विच बनवणाऱ्या कंपनीपुढे हात पसरायचे आणि पुढच्या रिलीजची वाट बघत बसायचं, हे थांबवायचं होतं. म्हणून नेटवर्कच्या कडेला एक गेटवे ठेवायचा, आतल्या बाजूला इनॅप, कॅमल, मॅप यांपैकी कुठलाही नेटवर्कचा प्रोटोकॉल असो, बाहेरच्या प्रोग्रामरला मात्र सरळ एपीआय दिसावा. थ्रीजीपीपीने रिलीज ९९ पासून हेच ओएसए, म्हणजे ओपन सर्व्हिस आर्किटेक्चर, या नावाने उचललं, २९.१९८ ही स्पेसिफिकेशनची मालिका त्याचीच. आयएमएसच्या (आयपीवरून कॉल चालवणाऱ्या यंत्रणेच्या) प्रत्येक आकृतीत एस-सीएससीएफ या मुख्य कॉल सर्व्हरच्या डोक्यावर तीन चौकोन असायचे: सिप ॲप्लिकेशन सर्व्हर, आयएम-एसएसएफ आणि ओएसए.

आम्ही पुण्यात बसून युरोपातल्या एका ऑपरेटरसाठी असा गेटवे सांभाळायचो. कागदावर बघाल तर प्रेमात पडाल. ॲपने आधी फ्रेमवर्ककडे ओळख पटवायची, कोणत्या सेवा उपलब्ध आहेत ते शोधायचं, सर्व्हिस ॲग्रीमेंटवर डिजिटल सही करायची, मग कुठे त्या सेवेच्या मॅनेजरचा रेफरन्स हाती पडायचा. कॉल कंट्रोल, लोकेशन, मेसेजिंग, चार्जिंग, सगळ्यांना हाच रस्ता.

पहिलं गाडं अडलं कोर्बापाशी, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरचे प्रोग्राम जोडणाऱ्या तेव्हाच्या तंत्रापाशी. कॉलची घटना घडली की गेटवे उलट ॲपला हाक मारणार, म्हणजे ॲपवाल्याने आपल्या फायरवॉलमधून बाहेरच्या आयआयओपीला (कोर्बाच्या प्रोटोकॉलला) आत वाट द्यायची. कुठल्याही कंपनीच्या सिक्युरिटीवाल्यापुढे ही मागणी ठेवून बघा! पुढे पार्ले एक्स आलं, वेब सर्व्हिसवर 'एसएमएस पाठव', 'कॉल जोड' इतके सुटसुटीत कॉल, तेव्हा हा ताप कमी झाला.

दुसरं अडलं ते आतल्या बाजूला, आणि ते कुणाच्याच कोष्टकात नव्हतं. कॅमलमध्ये ग्राहकाने कॉल लावला की पुढे कुणाला विचारायचं ते त्याच्या ओ-सीएसआय या नोंदीत लिहिलेलं असतं, आणि तिथे पत्ता एकाच जीएसएम-एससीएफचा (सेवा चालवणाऱ्या सर्व्हरचा) मावतो. प्रीपेड ग्राहकाच्या बाबतीत तिथे आधीपासूनच प्रीपेड सिस्टीम ठाण मांडून बसलेली. आता आमच्या पार्लेच्या ॲपलाही तोच कॉल ताब्यात हवा. मग दोघांच्या मध्ये एक मध्यस्थ सर्व्हर बसवा, त्याचं लायसन्स वेगळं, त्याची टेस्टिंग वेगळी, आणि तो पडला तर प्रीपेडचं चार्जिंग पण बसणार, म्हणून बिलिंगवाले त्याला हात लावू देईनात. शेवटी सेवा पोस्टपेडपुरतीच सुरू झाली. पुरवठादार खोटं बोलला नव्हता. गेटवे शंभर टक्के सुसंगत होता.

म्हणून प्रत्येक एपीआयसमोर 'सुसंगत' या रकान्याऐवजी असं विचारा: उत्तर आतल्या कुठल्या सिस्टीममधून येणार, त्या सिस्टीमवर आज हक्क कुणाचा, आणि तुमच्या एकूण ग्राहकांपैकी किती जणांसाठी ते उत्तर मिळणार.

आणि आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ॲपवाल्याला एकट्या ऑपरेटरसाठी लिहून परवडत नसे. तेच ॲप शेजारच्या ऑपरेटरकडे न्यायचं तर नवा करार, नवी टेस्टिंग, ऐच्छिक पॅरामीटर निराळे, एरर कोड निराळे. तेव्हा पुरवठादाराला सांगा, दुसऱ्या एखाद्या नेटवर्कवर आज चालू असलेलं ॲप आणा आणि इथे एक ओळ न बदलता चालवून दाखवा. त्याला जास्तीत जास्त गुण ठेवा.

खडकवासलेकर

मास्तर, उगाच गुंतागुंत करताय. पार्ले मेलं कारण २००८ मध्ये ॲप स्टोअर आलं आणि ऑपरेटर नुसता पाइप उरला. ट्विलिओची स्थापनाही त्याच वर्षीची. क्रेडिट कार्ड टाका, पाच मिनिटांत एसएमएस पाठवा. संपला विषय. आर्किटेक्चरबिर्किटेक्चर सगळं नंतर सुचलेलं शहाणपण.

तार_मास्तर

खडकवासलेकर, ॲप स्टोअरच्या आधी दहा वर्षं होती की हातात! त्या दहा वर्षांत काय झालं ते बघा.

जपानमध्ये डोकोमोने फेब्रुवारी १९९९ मध्ये आय-मोड सुरू केलं. कुठलंही आंतरराष्ट्रीय ओपन आर्किटेक्चर नाही, कंपनीच्या घरचा कारभार. पण साइटवाल्याच्या मासिक शुल्कातून कंपनी ९ टक्के ठेवायची, बाकी त्याचे, आणि वसुली फोनच्या बिलातून. साइटवाल्यांची रीघ लागली. आपल्याकडे त्याच सुमारास व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसच्या नावाखाली उलटा प्रकार: मोठा वाटा ऑपरेटरचा, मजकूर देणाऱ्याच्या हाती चिल्लर. मग त्यानेही ग्राहकाला न विचारता ज्योतिष आणि कॉलर ट्यून गळ्यात मारायला सुरुवात केली. २०१३ मध्ये ट्रायला सांगावं लागलं की सेवा चालू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्या.

आणि ॲप स्टोअर आल्यावर ऑपरेटरही शहाणे झालेच होते. २०१० मध्ये बार्सिलोनाला २४ ऑपरेटरांनी होलसेल ॲप्लिकेशन्स कम्युनिटी या सामाईक ॲप मंचाची घोषणा केली. २०१२ मध्ये त्यातलं तंत्रज्ञान अपिजी या एपीआय कंपनीला गेलं आणि दुकान बंद. तेव्हा तर कोर्बा नव्हतं, पार्ले एक्सचं सोप हे वेब सर्व्हिसचं तंत्रही नव्हतं. ॲपवाल्याला पैसे कुठून आणि कधी मिळणार याचं उत्तरही नव्हतं.

मोंबासा_मेल

इथे मुद्दा पटला नाही. 'दुसऱ्या नेटवर्कवर चालतं का' याला जास्तीत जास्त गुण कशासाठी? सफारीकॉमचंच बघा. मोबाइलवरून पैसे पाठवायचं त्यांचं एम-पेसा २००७ चं, त्याचा दराजा एपीआय २०१७ चा. दुसऱ्या कुठल्या नेटवर्कवर चालतो? नाही. तरी केनियात कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानापासून शाळेच्या फीपर्यंत लोकांनी जोडून घेतलाय. मी इथे राहतो, रोज बघतो. डेव्हलपरला स्टँडर्डशी देणंघेणं नसतं, गिऱ्हाईक कुठे आहे ते तो बघतो.

तार_मास्तर

बरोबर. पण तिथे बहुतांश गिऱ्हाईक एकाच नेटवर्कवर आहे. मग दुसऱ्याची गरज कुणाला?

किनाऱ्यावरचा, तुमचा बाजारात हिस्सा किती?

किनाऱ्यावरचा

आम्ही तिसऱ्या क्रमांकावर. त्यामुळे मोंबासा_मेल यांचं उदाहरण ऐकायला गोड आहे, पण आम्हाला लागू नाही. कुठलीही बँक फक्त आमच्यासाठी कोड लिहिणार नाही.

फिनटेकवाली

मी दुसऱ्या बाजूने बोलते. मुंबईत एका पेमेंट कंपनीत फ्रॉड टीममध्ये आहे, म्हणजे तुमचे हे एपीआय विकत घेणारी.

आम्हाला सगळ्यात जास्त हवा असतो तो सिम स्वॅपचा एपीआय. चोर काय करतो? गिऱ्हाइकाच्या नावाने डुप्लिकेट सिम काढतो, ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात आणि खातं रिकामं. म्हणून मोठी रक्कम निघण्याआधी आम्ही विचारतो: या नंबरचं सिम गेल्या इतक्या तासांत बदललंय का? कामाराच्या व्याख्येत प्रश्न एवढासाच आहे. नंबर द्यायचा, किती तास मागे बघायचं ते द्यायचं, काही दिलं नाही तर २४० तास धरतात, आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही'.

दिसायला सोपं. आता आतलं बघा. एचएलआरला (ग्राहकांच्या मुख्य नोंदवहीला) आज कुठला आयएमएसआय (सिमचा ओळख क्रमांक) आहे ते माहीत असतं. तो कधी बदलला, हे बहुतेक ठिकाणी प्रोव्हिजनिंगच्या (सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टीमच्या) लॉगमधून काढावं लागतं. ते लॉग किती दिवस ठेवता? पोर्ट होऊन आलेल्या नंबरचं काय उत्तर देता? फिजिकल सिमवरून ई-सिमवर गेलेल्याचं? आणि आमच्या अंगावर आलेला प्रकार सांगते. ऑपरेटरचं नाव घेत नाही. त्यांनी जुनी सिम बदलून ४जीची सिम फुकट देण्याची मोहीम काढली. अचानक एका जिल्ह्यातले हजारो प्रामाणिक लोक आमच्या सिस्टीमला चोर दिसायला लागले. एपीआय स्टँडर्डप्रमाणे अगदी बरोबर उत्तर देत होता, सिम बदललंच होतं ना! आम्हाला मोहिमेची आगाऊ सूचना मिळाली असती तर नियम सैल केला असता. तशी सूचना द्यायची म्हणून करारात कुठे कलमच नव्हतं.

नंबर व्हेरिफिकेशनचं वेगळंच. ते मोबाइल डेटावरून होतं, नेटवर्क स्वतःच ओळखतं की हे सेशन कुठल्या नंबरचं. वाय-फाय चालू असेल तर बोंबललं. आणि ड्युअल सिम! आपल्याकडे लोक बँकेचा नंबर एका कंपनीचा ठेवतात आणि डेटा जिथे स्वस्त तिथला. पूर्व आफ्रिकेतही ड्युअल सिमचं प्रस्थ मोठं असणार. तेव्हा 'एपीआय चालतो का' असं विचारू नका. तुमच्या शंभर खऱ्या ग्राहकांपैकी किती जणांच्या बाबतीत पहिल्या झटक्यात चालतो, ते मोजा.

अजून एक रडगाणं. सँडबॉक्स, म्हणजे एपीआय तपासून बघायची खोटी-खोटी जागा. बहुतेक सँडबॉक्स कायम गोड उत्तर देतात. सिम बदललं? नाही. नंबर जुळला? हो. आम्हाला पाहिजे ती 'सापडलं नाही', 'वेळ संपली', 'या ग्राहकाने संमती नाकारली' अशी उत्तरं. ती मागता येत नसतील तर त्या सँडबॉक्सला शून्य गुण द्या.

अर्धा_कप

ताई, भारतात सिम बदललं की लगेच पोर्टही करता येत नाही ना आता?

फिनटेकवाली

हो, १ जुलै २०२४ पासून सिम स्वॅप झाल्यावर ७ दिवस पोर्टिंग कोड मिळत नाही. कारण हेच. चोर सिम काढायचा आणि नंबर दुसऱ्या कंपनीत हलवायचा, मग तक्रार कुणाकडे करायची यातच वेळ जायचा.

रात्रपाळी

नॉकमध्ये (नेटवर्कच्या देखरेख कक्षात) काम करतो, त्यामुळे माझे प्रश्न तेवढेच खालच्या पायरीचे आहेत. पण ते कुणी विचारत नाही आणि मग पहाटे फोन मलाच येतो.

१. बाहेरच्या कंपनीच्या ॲपमध्ये बग असला आणि ते दर सेकंदाला हजारो विचारणा पाठवायला लागलं, तर त्याचा भार एचएलआरवर पोचायच्या आत कुठे अडतो? 'गेटवेला थ्रॉटलिंग (विचारणांवर मर्यादा) आहे' हे उत्तर पुरेसं नाही. ॲपनिहाय आहे, एपीआयनिहाय आहे की दोन्ही? लोकेशनची विचारणा वेगळी आणि एसएमएसची वेगळी. लोकेशनसाठी काही वेळा फोनला पेज करावं (हाक मारून शोधावं) लागतं, त्याचा भार रेडिओवरही येतो.

लोकेशनवरून आठवलं. २जीच्या सेलची कमाल मर्यादा ३५ किलोमीटरच्या आसपास जाते. तुमच्या खेड्यांत 'फोन अमुक परिसरात आहे' याचं उत्तर एवढं ढोबळ येणार. शिवाय ते उत्तर आत्ताचं की तासाभरापूर्वीचं, तेही सांगावं लागेल. डिलिव्हरीवाल्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर शिव्या खाल.

२. क्वालिटी ऑन डिमांड. डेमो नेहमी लॅबमध्ये किंवा रिकाम्या सेलमध्ये असतो. गेटवेकडून निरोप ४जीत पीसीआरएफला जातो, ५जीत एनईएफमार्फत पीसीएफला, दोन्ही क्वालिटीचे नियम ठरवणारे सर्व्हर. पुढे खात्रीचा बेअरर (डेटाची राखीव वाट) द्यायचा की नाही ते बेस स्टेशन ठरवतं. सेल भरलेला असेल तर ते सरळ नाही म्हणतं, आणि ज्याला जादा क्वालिटी हवी असते त्याला ती सेल भरलेला असतानाच हवी असते! तेव्हा पुरवठादाराला सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर उभं करा आणि तिथून डेमो मागा. नकार आला तर तो ॲपपर्यंत किती वेळात आणि कुठल्या शब्दांत पोचतो ते बघा. नकार आला तरी बिल लागतं का, तेही बघा. एका ठिकाणी लागत होतं.

३. तिकीट कुणाच्या नावे उघडणार? बँक म्हणणार एपीआय बंद, गेटवेवाला म्हणणार मागची सिस्टीम उत्तर देत नाही, मागचा म्हणणार माझ्याकडे विचारणा आलीच नाही. एक विचारणा बँकेच्या आयडीवरून थेट एचएलआरच्या लॉगपर्यंत शोधून दाखवायला सांगा, तीही तुमच्याच माणसाला, पुरवठादाराच्या इंजिनिअरला नव्हे. मी असतो तर एवढ्यावरच अर्धे गुण दिले असते.

हिंजवडीचा_पूर

रात्रपाळी, तिसऱ्या मुद्द्याला साष्टांग दंडवत.

मी बीएसएसच्या (बिलिंग, ऑर्डर वगैरेंच्या) बाजूचा. टीएम फोरमच्या एपीआयबद्दल थोडं लिहितो, कारण कोष्टकात त्याचा नुसता उल्लेख आहे. प्रॉडक्ट कॅटलॉगचा ६२०, ऑर्डरचा ६२२, ट्रबल तिकिटाचा ६२१ असे क्रमांक ऐकले असतीलच. ओपन गेटवे या ऑपरेटरांच्या सामाईक एपीआय उपक्रमासाठी ऑनबोर्डिंग आणि ऑर्डरिंगचा ९३१ सुद्धा आहे. प्रत्येकाची कन्फॉर्मन्स टेस्ट असते आणि पुरवठादार त्याचं प्रमाणपत्र चिकटवतो. ते प्रमाणपत्र खरं असतं. पण टेस्ट बघते ती सक्तीची फील्ड आणि ऑपरेशन. खरा गुंता असतो एक्स्टेन्शनमध्ये. प्रत्येकाने आपापली फील्ड घुसवलेली असतात आणि तुमची सगळी कामाची माहिती नेमकी त्यातच बसलेली असते. त्यामुळे प्रमाणपत्राबरोबर एक्स्टेन्शनची यादी मागा. यादी जितकी लांब तितकं उद्या त्या पुरवठादाराला सोडणं महाग.

ओडीएबद्दल (टीएम फोरमच्या ओपन डिजिटल आर्किटेक्चरबद्दल) सगळे भरभरून बोलतात, मी बोलत नाही. तुमच्या आकाराच्या ऑपरेटरला त्यातली घटकांची विभागणी कामाची आहे. कुबरनेटीसवरचा कॅनव्हास वगैरे पुढचं पुढे.

पैशांचा हिशोब मात्र आत्ताच बघा. बँकेने महिन्यात अमुक विचारणा केल्या असं ती म्हणते, तुम्ही वेगळा आकडा म्हणता, मध्ये ॲग्रीगेटर (अनेक ऑपरेटरांचे एपीआय विकणारा मध्यस्थ) असेल तर त्याचा तिसरा. 'वेळ संपली' ही विचारणा मोजायची का? एकाच व्यवहारात दोनदा विचारलं तर? हे रेटिंगचे नियम सिस्टीममध्ये कुणी लिहायचे? तुम्हाला स्क्रीनवरून बदलता येतात, की प्रत्येक वेळी चेंज रिक्वेस्ट काढून पुरवठादाराला पैसे मोजायचे? दुसरं असेल तर कोटेशनचा आकडा विसरा, खरा खर्च तिथे आहे.

गोम्सबाब

दोन गोष्टी राहिल्या असं वाटतं. एक संमती. भारतात डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण) कायदा २०२३ चा, केनियाचा डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०१९ चा. तुमच्या देशात जो असेल तो असेल. प्रश्न असा की ग्राहकाने लोकेशनची संमती बँकेच्या ॲपमध्ये दिली आणि काढून घ्यायला तो तुमच्या कस्टमर केअरला फोन करतो. तिथल्या मुलीला स्क्रीनवर काय दिसतं? काही दिसत नसेल तर कायद्याचं पालन कागदावरच.

दुसरी गोष्ट नेट न्यूट्रॅलिटी. आपल्याकडे २०१६ मध्ये ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी घातली आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने ट्रॅफिकमध्ये भेदभाव करायला. क्वालिटी ऑन डिमांड विकताना कोण कुठल्या ॲपला पुढे काढतंय हे रेग्युलेटर विचारणारच. तिथल्या रेग्युलेटरशी आधी बोलून घ्या. हे आर्किटेक्चरमध्ये मोडत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि लाँचच्या आदल्या आठवड्यात पत्र येतं.

खडकवासलेकर

एवढं सगळं वाचल्यावर माझा प्रश्न कायम आहे. आता काय वेगळं आहे? २०२३ मध्ये जीएसएमए या ऑपरेटरांच्या संघटनेने बार्सिलोनातच ओपन गेटवेची घोषणा केली, २१ ऑपरेटर, ८ एपीआय. २०१० च्या घोषणेची नक्कल वाटते. एरिक्सनने व्होनेज या कम्युनिकेशन एपीआय विकणाऱ्या कंपनीसाठी ६२० कोटी डॉलर मोजले आणि पुढच्याच वर्षी ३,२०० कोटी क्रोनरची किंमत खात्यातून उतरवली. यावरून काय ते समजा.

तार_मास्तर

शंका रास्त आहे. मला दोन फरक दिसतात. एक, कामाराचा कोड आणि व्याख्या लिनक्स फाउंडेशनकडे उघड्यावर आहेत. फिनटेकवाली यांच्यासारख्या गिऱ्हाइकाला तिथे जाऊन तक्रार नोंदवता येते. आमच्या वेळी बैठकीच्या खोलीत गिऱ्हाईक नसायचंच, नुसते गेटवे बनवणारे आणि ऑपरेटर. दोन, मागणी खरी आहे. पार्लेच्या वेळी आम्ही कॉल कंट्रोल विकत होतो, तो कुणाला हवाय ते शोधत होतो. सिम स्वॅपचं उत्तर बँकेला आजच हवंय आणि ते ऑपरेटरशिवाय कुणाकडेच नाही.

ॲपल-गूगलकडे जे आधीच आहे, उदाहरणार्थ लोकेशन, ते ऑपरेटरने विकायला काढलं की मला पार्लेची आठवण येते. लोकेशनमध्ये एकच गोष्ट ऑपरेटरची चांगली, फोनवर खोटं जीपीएस लावून त्याला फसवता येत नाही.

बाकी व्होनेजचं म्हणाल तर तो जास्त भावाने केलेल्या खरेदीचा प्रश्न. त्याने एपीआय वाईट ठरत नाही.

किनाऱ्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये थोडे दिवस गायब होतो कारण कोष्टकाची नवी आवृत्ती लावून प्रत्यक्ष चाचणी घेतली.

सुसंगततेचे गुण कमी करून ते पात्रतेच्या अटीत टाकले. प्रमाणपत्र आणि एक्स्टेन्शनची यादी दिली की आत, नाही तर बाहेर. मोठे गुण तीन ठिकाणी वाटले: खऱ्या ग्राहकांपैकी कितींना उत्तर मिळतं, आमच्या माणसाला एक विचारणा टोकापर्यंत शोधता येते का, आणि दुसऱ्या नेटवर्कवरचं ॲप न बदलता चालतं का.

सिम स्वॅपची चाचणी फिनटेकवाली यांच्या सांगण्यावरून केली. आमच्याच कर्मचाऱ्यांचे नंबर घेतले, ज्यांनी अलीकडे सिम बदललं त्यांची यादी हाताने काढली आणि ताडून पाहिलं. कोटेशनमध्ये सगळ्यात स्वस्त असलेला पुरवठादार एचएलआरमधल्या नोंदीची 'शेवटची दुरुस्ती' हीच तारीख सिम बदलल्याची म्हणून देत होता. म्हणजे कुणी रोमिंग चालू करून घेतलं तरी त्याचं सिम बदललं! त्यांच्या इंजिनिअरने शांतपणे सांगितलं की उत्तराचा फॉरमॅट स्टँडर्डप्रमाणेच आहे. सीटीओ त्या बैठकीला होते. त्यानंतर त्यांनी पार्लेचं नाव काढलेलं नाही.

दुसऱ्या नेटवर्कवरच्या ॲपची चाचणी दोघांनीच स्वीकारली. एकाचं ॲप चाललं, पण ग्राहकाचा नंबर देशाच्या कोडसकट हवा की अधिकचं चिन्ह लावून, इथे अडकलं. क्षुल्लक वाटेल, पण बँकेच्या माणसाचे दोन दिवस त्यातच जातात.

क्वालिटी ऑन डिमांड पहिल्या टप्प्यातून काढलं. रात्रपाळी यांचा स्टेडियमचा प्रस्ताव ठेवला, सगळ्यांनीच विषय बदलला.

आता एकच पेच आहे. बँकांशी थेट करार करायचे की ॲग्रीगेटरमार्फत जायचं? अडुनासारख्या संस्थेत २०२४ पासून एअरटेल, जिओसकट मोठे ऑपरेटर आहेत. आम्ही लहान. तिथे गेलो तर जगभरचं गिऱ्हाईक मिळेल, पण दर तेच ठरवणार.

हिंजवडीचा_पूर

दोन्ही करा. परदेशी गिऱ्हाईक ॲग्रीगेटरमार्फत, देशातल्या बँका थेट. फक्त करारात 'फक्त आमच्यामार्फतच' असं कलम असेल तर सही करू नका. आणि देशातल्या बाकीच्या दोन ऑपरेटरांशी बोला. सिम स्वॅप एकट्याचा विकून उपयोग नाही, बँकेला तिन्ही नेटवर्कचं उत्तर एकाच कॉलमध्ये हवं असतं.

फिनटेकवाली

+१. तिघांतला एक जरी नसला तरी आम्हाला जुना ओटीपीचा रस्ता चालू ठेवावाच लागतो, मग दोन्हीचा खर्च कशाला करू? आणि दर ठरवताना ओटीपीच्या एसएमएसशी तुलना करा. त्याच्यापेक्षा महाग असेल तर आमचे फायनान्सवाले वाचतही नाहीत.

तार_मास्तर

किनाऱ्यावरचा, एक राहिलं. एपीआयची जुनी आवृत्ती बंद करायच्या आधी किती महिन्यांची सूचना द्यायची ते करारात दोन्ही बाजूंनी लिहून घ्या, पुरवठादाराकडून तुम्हाला आणि तुमच्याकडून बँकेला. कामाराच्या नव्या आवृत्त्या ठरावीक काळाने येत राहतात. बँका मात्र वर्षवर्ष कोडला हात लावत नाहीत.

किनाऱ्यावरचा

बँकेला वर्षभर, पुरवठादाराकडून दीड वर्ष असं मागितलंय. पुरवठादार सहा महिन्यांवर अडून बसलाय. बाकीच्या दोन ऑपरेटरांपैकी एकाने भेटीची वेळ दिली आहे, दुसऱ्याच्या कायदा खात्याने आधी गोपनीयतेचा करार पाठवलाय, तोच तीस पानांचा आहे. वाचून झाला की कळवतो.

अर्धा_कप

तीस पानं? चहा लागेल. बिस्किटं मी आणतो.